सातला हाक

(पूर्णगड. नारळी पौर्णिमेची दुपार. मच्छीमार सोसायटीचं ऑफिस; भिंतीपलीकडे बर्फाची खोली.)

बाबल्या : ...म्हणून म्हंटलं, गुरूची पोरगी आल्याबिगर ह्या मशीनला हात लावायचा नाय. नायतर सर्वेश पान्ना घेऊन उघडायला निघाला होता.

मनस्वी : पान्ना? बाबल्याकाका, कॉम्प्युटर आहे हा. इंजिन नाही.

बाबल्या : मना ठाव हाय गो. पन तो एकवीस वर्सांचा तांडेल, होडी हाकनारा. त्याला सगळं जगच इंजिन दिसतंय.

मनस्वी : बरं, आता नीट सांगा. फोनवर तुम्ही निम्मं ओरडलात आणि निम्मं गाळलंत.

बाबल्या : सकाळपास्नं एकेक होडी खाडीच्या तोंडाशी नेऊन बगितली. दर वर्सी बगतो तशी. मशीननं हाक मारली, होडीवरच्या वायरलेस डबीनं ओ दिली, हितं भिंतीवरच्या फळीवर दिवा लागला. एक लागला, दोन लागला, असे अकराच्या अकरा लागले. सातचा काय लागेना.

मनस्वी : बल्ब बदललात?

बाबल्या : दोन येळा. डबीची वायर पन बगितली. सर्वेश आता पन तितंच हाय, तोंडाशी होडी धरून. दोन तास झाले, उन्हात भाजतोय.

मनस्वी : आणि स्क्रीनवर काय येतंय ते बघितलंत?

बाबल्या : स्क्रीन कोन बगतो? आमी दिवे बगतो. स्क्रीन गुरू बगायचा.

मनस्वी : बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, काका. दोन वर्षं कोणीच बघितली नाही?

बाबल्या : चालत होतं ना! चालतंय त्यात नाक कशाला खुपसायचं? आज सर्वेशनं बगितलान तेवडंच. इंग्लिश आलंय म्हणाला.

मनस्वी : हे काय. 'ऑपरेशन नॉट परमिटेड.' परवानगी नाही म्हणतंय.

बाबल्या : व्हय, तोच वाचून दाखवलान त्यानं. म्हणून तर ही फाईल घेऊन बसलंय. नोंदनी, परवाना, विमा, सर्वेशचं ओळखपत्र. सगळ्यावर शिक्के हायत.

मनस्वी : काका, मशीनला कागद दाखवणार होतात?

बाबल्या : दाखवले. हितं समोर ठेवून बंद करून परत चालू केलं. हसू नको गो! पैल्यांदा गुरूनं मना सांगितलान की होडी हाकेला ओ देते, तवा पन मी हसलो होतो.

मनस्वी : नाही हसत. सरका थोडे. ही खुर्ची अजून तशीच डुगडुगते.

बाबल्या : तुज्या बापानं पायाखाली पुठ्ठा घातलेला हाय. हलवू नको.

मनस्वी : घाई किती आहे? मी सणापुरती घरी आलेय, संध्याकाळच्या गाडीने परत निघायचंय.

बाबल्या : उद्या पहाटे सगळ्या होड्या जायच्या. ठमावयनीनं बोलून ठेवलंय, सातचा दिवा लागल्याबिगर माजा पोर खाडीच्या भायर जायचा नाय. आनि सर्वेशनं तिच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलान.

मनस्वी : नाही लागला तर?

बाबल्या : तर नाय जायचा. खलाशी दोगं दुसऱ्या होडीवर जातील, ते काय थांबनार? आनि एकदा का हितं लोक म्हनाले, ह्या घरची होडी पयल्याच दिवशी अडली, की परत कोन चढतंय त्या होडीवर? त्याचा बाप रावजी गेला त्याला नऊ वर्सं झाली, मनू. नऊ वर्सांनी त्या घरची होडी पान्यात पडतेय. ह्यो दिवा लागायला पायजे.

मनस्वी : लावू. आधी मला बघू दे मी कोण म्हणून बसलेय ते.

बाबल्या : कोन म्हंजे? तू मनू.

मनस्वी : तसं नाही. ह्या मशीनमध्ये सगळ्यांना सगळं करायची मुभा नसते. साध्या माणसाला कधी कधी हाकसुद्धा मारू देत नाही. मालकाच्या नावाने आत जावं लागतं. बाबांचा पासवर्ड कुठे असेल?

बाबल्या : माज्या पाकिटात. हास्पिटलात होता तवा गोळ्यांच्या खोक्यावर लिवून दिलान. म्हनाला, मनूला दे, पन तिनं मागितलान तरच. आपनहून देऊ नको, तिला तिची कामं हायत.

मनस्वी : दोन वर्षं पाकिटात आहे?

बाबल्या : तू मागितलास कवा?

मनस्वी : ...द्या. त्यांचा सात बघा, अजून असाच. मध्ये आडवी रेघ. टेलिफोन खात्यात सवय लागलेली, एकासारखा दिसू नये म्हणून.

बाबल्या : खांबावर चढायचा तवापास्नं. सगळ्या तालुक्याच्या तारा त्याला तोंडपाठ. मोबाईल आले, तारा गेल्या, आनि हा बाबा घरी येऊन बसला. मंग ह्यो खेळ काढलान.

मनस्वी : रत्नागिरीच्या स्टँडवर इंग्रजी मासिक मिळायचं, त्याच्याबरोबर सीडी यायची. त्यातून लिनक्स घातलं ह्यात. चष्मा लागला होता आणि मान्य करायचा नव्हता, म्हणून मला माशांच्या क्रेटवर बसवून अक्षर अक्षर वाचून घ्यायचे. दहावीची सुट्टी माझी अख्खी अशी गेली. मला राग यायचा तेव्हा. आज पुण्यात त्याच वाचनावर पगार मिळतो.

बाबल्या : आनि आमी समदे खिडकीतनं बगायचो. म्हनायचो, गुरू येडा झाला. मंग त्यानं पापडाच्या डब्यात ती डबी भरून माज्या होडीवर बांदलान आनि हितं एकचा दिवा लागला, तवा माजीच बोलती बंद.

मनस्वी : झालं. आता मी मालक आहे. मारते हाक सातला.

बाबल्या : लागला?

मनस्वी : नाही. तेच पुन्हा. परवानगी नाही.

बाबल्या : मालकाला पन?

मनस्वी : मालकालाही. थांबा, चारला मारून बघते. ...गेली बघा, लुकलुकला दिवा. म्हणजे हाक मारणारा प्रोग्राम ठीक आहे. माझी मुभाही ठीक आहे. फक्त सात.

बाबल्या : मंग डबीच खराब.

मनस्वी : सातची डबी कुठून आणलीत? जुनी तर रावजीकाकांच्या होडीबरोबरच गेली.

बाबल्या : गुरूच्या कपाटात होती. कोरी. वर सात लिवलेला, आडव्या रेघेचा.

मनस्वी : कोरी डबी, आणि वर सात? बाबांनी आधीच करून ठेवली होती?

बाबल्या : असंल. आमी काय इचारलं नाय. मिळाली, लावली.

मनस्वी : सर्वेशला फोन लावा. डबीवर हिरवा दिवा आहे का विचारा.

बाबल्या : हॅलो, सर्वेश! डबीवर हिरवा हाय का रे? ...हिरवा म्हंजे हिरवा, मेल्या, पोपटी पन चालंल. ...हाय म्हनतो. आनि इचारतोय अजून किती येळ, डोकं तापलंय.

मनस्वी : त्याचं डोकं तापू दे, डबी ठीक आहे. आता एक गंमत बघा. चारची होडी धक्क्याला लागलीय का?

बाबल्या : व्हय, बांदलेली हाय. समोरच.

मनस्वी : कोणाला तरी सांगा तिची डबी बंद करायला.

बाबल्या : ओ रं कोन हाय तितं! चारची डबी बंद कर! ...व्हय, बंद! ...केलान.

मनस्वी : आता चारला हाक. बघा, दिवा लुकलुकतोय. हाक जातेय, पण ओ येत नाही. मशीन थांबलंय, वाट बघतंय. एक, दोन, तीन... आत्ता म्हणालं, उत्तर नाही. आता सातला मारते. बघा.

बाबल्या : लगेच नाय म्हनाला.

मनस्वी : लगेच. वाट बघितलीच नाही. दिवा लुकलुकलासुद्धा नाही. काका, गप्प बसणं वेगळं आणि नाही म्हणणं वेगळं. सर्वेशची डबी गप्प बसली असती तर मशीनने वाट बघितली असती. हे नाही म्हणतंय, आणि इतक्या पटकन म्हणतंय म्हणजे नाही म्हणणारा समुद्रात नाही. इथेच आहे, ह्या डब्यात.

बाबल्या : कोन बसलाय त्यात?

मनस्वी : बाबांनी मला हे कसं शिकवलं माहितीय? मला तरीच्या होडीतून खाडीपलीकडे गावखडीला पाठवलं. पूल असताना तरीतून, मुद्दाम. मी त्या काठावर, ते ह्या काठावर. मारायचे हाक, 'मनू ऊ!' मी ओ दिली की घड्याळात बघायचे किती वेळ लागला. मग मला म्हणाले, आता ओ देऊ नकोस. नाही दिली. मग म्हणाले लपून बस. लपले.

बाबल्या : माज्या ध्यानात हाय. तुजी आई मना म्हनाली, भावजी, ह्यांना जरा बगा.

मनस्वी : घरी आल्यावर विचारलं, ओ आली नाही तर काय समजायचं? मी म्हटलं, पलीकडे कोणी नाही. नाहीतर वाऱ्याने हाक पोचली नाही. ते म्हणाले, तिसरं? मग त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाले, आता मार हाक. बिडीचा वास यायचा त्या हाताला.

बाबल्या : म्हंजे सातच्या हाकेवर कोनीतरी हात ठेवलाय.

मनस्वी : असंच दिसतंय. शोधायला वेळ लागेल पण. सोपा मार्ग सांगू? सर्वेशच्या डबीला तेरा नंबर देते. फळीवर एक दिवा वाढवू. दहा मिनिटांत काम, आणि मीही गाडीला पोचते.

ठमाबाई : तेरा नाय. सात.

बाबल्या : ये वयनी, ये. दारात कशाला उबी? ही मनू, गुरूची. ओळखलीस ना?

ठमाबाई : ओळखली. कपाळ बापाचं हाय.

मनस्वी : बसा ना काकी.

ठमाबाई : मी हितं बसत नाय आता.

मनस्वी : काकी, नंबर नुसता मशीनला कळायला असतो. होडीचं नाव 'सगुणा'च राहील. हाक तीच जाईल.

ठमाबाई : 'सगुणा' माज्या सासूचं नाव. पयली होडी सगुणा सात, रावजीची सगुणा सात, आनि पोराची पन सगुणा सात. घराचा नंबर बदलत नाय. तुमच्या पुन्यात बदलत असंल.

बाबल्या : मनू, हितं होडी गेली तरी नंबर दुसऱ्याला देत नाय. फळीवरचं नाव पन पुसत नाय. बग ना, सगुना तशीच हाय. नऊ वर्सं खिळ्याला नुस्तं नाव.

मनस्वी : बरं. मग शोधते. सगळ्या हाकांवर नजर ठेवणारी एक यादी असते मशीनमध्ये, फायरवॉल म्हणतात. कोणाला बाहेर सोडायचं, कोणाला नाही. बाबांनी अशी काही केली असेल असं वाटत नव्हतं मला.

ठमाबाई : तुज्या बापानंच बंद केलान तो. शोधतेस काय?

बाबल्या : वयनी, आज सणाचा दिस...

ठमाबाई : सनाचाच दिस हाय. बोलून जाऊ दे. रावजी गेला ना पोरी, गनपतीच्या आदल्या आठवड्यात, होडी बुडाली, खलाशी दोगं दुसऱ्या होडीला गावले आनि हा नाय. तवापास्नं मी रोज हितं येऊन बसायचे. चार वाजले की. त्या फळीखाली.

मनस्वी : मला आई सांगायची. मी पुण्याला होते कॉलेजात.

ठमाबाई : दर मिन्टाला सातचा दिवा लुकलुकायचा. एकदा. मंग इझायचा. लोक म्हनायचे, ठमी येडी झाली, मेलेल्याची वाट बगते. मी काय वाट बगत नव्हतंय गो. मना ठाव होतं तो नाय येनार. दर्यानं काय परत दिलंय? पन कोनीतरी त्याला हाक मारतंय, येवडं बगायला मी बसायचे. घरात कोन मारनार होतं त्याला हाक? त्याचं नाव काडलं की समदे गप.

बाबल्या : आठ म्हयने बसली.

ठमाबाई : आनि एक दिवस आले तर दिवा लुकलुकेना. बसले, अंदार पडंपर्यंत बसले. गुरूभावजीला इचारलं. म्हनाला, वयनी, बल्ब जळला, ह्यो बल्ब मिळत नाय आता.

मनस्वी : बाबा असं म्हणाले?

ठमाबाई : मी दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला गेले, एस्टीनं. चार दुकानं फिरले. आनला बल्ब. ह्यालाच दिला, ह्या बाबल्याला. लाव म्हंटलं.

बाबल्या : लावला मी.

ठमाबाई : नाय लुकलुकला. तवा मना कळलं, बल्ब काय जळला नव्हता. माज्या रावजीची हाक बंद केलान त्यानं. सोसायटीत कोनीतरी बोललं असंल, ही बाई रोज येऊन बसते, बरं नाय दिसत. मी परत हितं पाय नाय ठेवला. तुज्या बापाशी बोलले नाय. तो गेला तवा तुमच्या दारात पन नाय आले. समदा गाव आला, मी नाय आले.

मनस्वी : आईने वाट बघितली होती तुमची.

ठमाबाई : बगितली असंल.

बाबल्या : वयनी, बल्ब जळला म्हनून सांग, असं गुरूनं मना पन शिकवलेलं. मी कारन इचारलं. म्हनाला, बाबल्या, एक दिस कळंल. मना वाटलं, मशीनचं कायतरी.

मनस्वी : थांबा. सापडलं.

बाबल्या : काय?

मनस्वी : यादीत एकच ओळ आहे. बाकी यादी कोरी. बाहेर जाणारी हाक, पत्ता सातचा, काय करायचं? टाकून द्यायची. काकी खरं बोलताहेत. बाबांनीच केलंय.

ठमाबाई : सांगितलं ना.

मनस्वी : पण असं का केलं? मला कळत नाही. हाक बंदच करायची तर हाकेच्या यादीतून सातचं नाव खोडायचं, दोन सेकंदांचं काम. हे म्हणजे एका बाजूने मशीनला सांगायचं हाक मार, आणि दुसऱ्या बाजूने दारात अडवायची. असं कोण करतं? माझ्या हाताखालच्या पोराने केलं असतं तर मी ओरडले असते.

बाबल्या : नाव कसं खोडंल तो? गेलेल्या होडीचं नाव पुसत नाय. फळीवर काय नि मशीनमदे काय.

मनस्वी : ...हो. हो, तेच. नाव खोडायचं नव्हतं, म्हणून हा उलटा घास घेतलाय त्यांनी.

ठमाबाई : म्हंजे काय गो? मना समजंल असं बोल.

मनस्वी : म्हणजे, काकी, मशीनने हाक मारणं कधी थांबवलंच नाही. हा आकडा बघा. ह्या ओळीने किती हाका अडवल्या ते मशीन मोजतं. मशीन बंद झालं की मोजणी पुन्हा एकपासून. आज सकाळी काकांनी फाईल दाखवून बंद-चालू केलं ना, तेव्हापासून एकशे अकरा.

ठमाबाई : एकशे अकरा काय?

मनस्वी : हाका. सातला. आज सकाळपासून, दर मिनिटाला एक. गेल्या हंगामात, त्याच्या आधीच्या हंगामात, सगळे दिवस असंच. फक्त दाराबाहेर जात नव्हती.

ठमाबाई : नऊ वर्सं?

मनस्वी : होड्या ज्या ज्या दिवशी गेल्या त्या सगळ्या दिवशी.

ठमाबाई : आनि मी म्हनत होते, कोन मारत नाय.

बाबल्या : पानी पी वयनी. हितं खुर्ची... नको ती, डुगडुगते. ह्या क्रेटवर टेक.

मनस्वी : ही ओळ रोज आपोआप चालू होते, म्हणजे कुठल्या तरी फाईलमध्ये लिहून ठेवलेली असणार. बघते. ...ही बघा. वर काहीतरी लिहिलंय बाबांनी. इंग्रजी अक्षरांत, पण मराठी.

बाबल्या : काय लिवलंय?

मनस्वी : वाचते. 'सातला हाक नको. ठमावहिनी रोज चार वाजता येते ती अंधार पडेपर्यंत बसते. घरी सर्वेश एकटा. काल आमच्या पडवीत उपाशी झोपला. नाव यादीतून काढणार नाही. त्या घरची होडी परत पाण्यात पडली की ही ओळ काढणे. तोवर वहिनीचा राग मी घेतो. गुरू.' आणि तारीख.

बाबल्या : अरं देवा.

मनस्वी : काकी?

ठमाबाई : बारा वर्सांचा होता तो तवा.

बाबल्या : गुरूच्या पडवीत बसून अभ्यास करायचा. भाकरी पन तितंच खायचा. मी बगितलाय.

ठमाबाई : मी नाय बगितला. मी दिवा बगत होते. घरात पोर, चूल इझलेली, आनि मी हितं. दिवा बंद झाला त्या रातीला घरी जाऊन भात टाकला, ता आठवतंय मना. रागानं टाकला. पोर तीन वाडगे जेवला. मना वाटलं, गुरूवरचा राग मना जगवतोय. आनि तो म्हनतो, राग मी घेतो.

मनस्वी : मला ह्यातलं काही सांगितलं नाही त्यांनी. मी दिवाळीला यायचे, ते म्हणायचे, मनू, मशीन एकदा बघून जा. मी म्हणायचे, बाबा, सुट्टीत तरी नको ना. एकदा बसले असते इथे, तर त्यांनीच वाचून दाखवलं असतं.

ठमाबाई : तू आज बसलीस ना. मी तर आले पन नाय त्याच्या दारात. माजं चुकलं, पोरी. तुज्या आईला मी तोंड कसं दाखवू, ता मना सांग.

मनस्वी : आई म्हणाली होती, ठमाला मी ओळखते, ती उशिरा येईल. तेवढंच म्हणाली.

बाबल्या : फोन वाजतोय. सर्वेश. ...हॅलो! व्हय रे, सापडलंय! ...काय होतं? घरी आलास की तुजी आय सांगंल. होडी हलवू नको.

मनस्वी : आता ही ओळ पुसते, की झालं.

ठमाबाई : पुसू नको.

मनस्वी : काकी, ही असेपर्यंत दिवा लागणार नाही.

ठमाबाई : मशीनला कळाय नको, पन माणसाला दिसू दे, असं काय नसतंय का तुमच्यात? त्याच्या हातचं हाय. हितं कोनाचं काय पुसलेलं मना नको.

मनस्वी : आहे. असं आहे. ओळीच्या आधी ही एक खूण टाकायची. मग मशीन ती ओळ वाचत नाही, सोडून पुढे जातं. माणूस उघडून बघेल तेव्हा दिसेल. वरचं बाबांचं जसं दिसलं ना, तसंच.

ठमाबाई : टाक.

मनस्वी : टाकली. आता यादी नव्याने वाचायला लावते. काका, फळीकडे बघा.

बाबल्या : बगतोय. तू हो म्हन.

मनस्वी : हो.

बाबल्या : लुकलुकला! वयनी, लुकलुकला बग! ...आनि लागला. ऱ्हायला. मनू, ऱ्हायला गो! सातचा दिवा! सर्वेश! अरे सर्वेश, लागला रे! ...नाय, नाय, इझत नाय, लागूनच हाय!

मनस्वी : तीन मिलिसेकंद. बाबांनी घड्याळात बघितलं असतं.

बाबल्या : तुजी संध्याकाळची गाडी?

मनस्वी : जाऊ दे. उद्या पहाटे होड्या जाताना कोणीतरी स्क्रीनकडे बघायला हवं. आणि ह्या खोक्यावरचा पासवर्ड मी नेतेय, काका. आता मागितलाय.

बाबल्या : ने गो. माजं पाकीट हलकं झालं.

मनस्वी : काकी, बसा ना जरा. किती वर्षांनी लागलाय. सर्वेश आत येईपर्यंत बघा.

ठमाबाई : बसून काय करू गो? लागलाय ना. नारळीभाताचे तांदूळ भिजत घालून आलंय. मी जातंय घरी, पोरगा भुकेला येल.